लिहून रायली

पुण्याहून पाकीट परत आलं.
संपादकांनी लाल शाईनं एकच क्रियापद खोडलंय, सात जागी.
'लिहून रायली' असं मराठीत नसतं, बाई.
'लिहीत आहे' करून पाठवा.
बाकी अनुभव सच्चा आहे.
अनुभव.
जणू मी कविता नाही,
तहसीलचा दाखला जोडला होता.

रात्रपाळी. मेयोची केसपेपर खिडकी.
नाव लिहायचं, वय लिहायचं, गाव, तक्रार.
दोन ते चार गर्दी ओसरते,
मग पाठकोऱ्या फॉर्मवर माझं काम सुरू.
मे महिना. भिंत रात्रीही तापलेली,
कूलरच्या टाकीत पाणी नाही.
घामानं शाई फुटते, म्हणून पेन्सिल.

माय बिड्या वळायची. दिवसाला हजार.
ओलं तेंदूपान, कैची, चिमूटभर जर्दा, दोरा.
संध्याकाळी ठेकेदाराचा मुनीम
मूठभर उचलून बाजूला फेकायचा: छाट.
छाटीचे पैसे नाहीत,
आणि बिड्या मात्र तोच ठेवून घ्यायचा.
मी आठवीत असेन.
"मंग उद्या कायले वळतं तू?"
तिनं सूप मांडीवर ओढलं.
"छाट त्यानं म्हटलं. म्या म्हटलं का?"

धंतोलीच्या एका हॉलात एकदा कविता वाचली.
चहाच्या वेळी एक गृहस्थ आले, मायेनं बोलले,
"छानच. आडनाव काय म्हणालात?"
रंगारी.
"अच्छा." कप बशीत जरा वेगळ्या आवाजात टेकला.
"म्हणजे तुम्ही ते वेदनेचं लिहिता."
मी वाचलेली कविता कूलरवर होती.
कूलरवर, आणि त्याच्या वाळ्याच्या ताटीत
घरटं करू पाहणाऱ्या एका हट्टी साळुंकीवर.

रंगारी. कोण जाणे कोणत्या आज्याच्या हाताला
कोणता रंग लागला होता.
माझ्या बोटांना स्टॅम्पपॅडचा जांभळा आहे,
पोळ्या लाटतानाही दिसतो.

खोटं कशाला सांगू,
महिना महिना काही सुचत नाही.
गाडीचा हप्ता, पोराची दहावी, सासूचा मोतीबिंदू.
तेव्हा नुसतं ऐकलेलं उतरवून ठेवते.
कळमन्याचा एक हमाल खिडकीशी म्हणाला,
"दुखनं इथं होतं बाई, लाइनीत उभं राहून राहून
तिकडं गेलं."
खाली तारीख घालते.
हजार कुठले, सतरा भरतात. कधी चार.

पुण्याला उत्तर लिहिलं होतं, टाकलं नाही:
साहेब, तुमचं 'आहे' पाहुण्यासारखं,
उंबऱ्यात उभं, चप्पल न काढता.
आमचं 'रायली' घरात राहतं,
भाडं भरतं,
नळाला पाणी येईस्तोवर जागतं.
मग वाटलं, हे जरा जास्तच झालं.
फॉर्म उलटा करून त्यावर किराणा लिहिला.

कमाल चौकात नौशादभाईचं झेरॉक्सचं दुकान.
चाळीस प्रती काढल्या, बत्तीस पानं,
वर पिवळा कागद. पिना मीच मारल्या,
तीन वाकड्या गेल्या.
दुसऱ्या दिवशी त्याचा फोन,
"बाई, पान नऊ उलटं लागलं."
"कोणत्या प्रतीत?"
"म्या एक ठेवून घेतली. विचारलं नाही. पैसे कापून घ्या."
"वाचली?"
मागं मशीन चालू होतं, पानं पडत होती.
"वाचून रायलो."

आज पावणेचार वाजता
कामठीकडची एक म्हातारी खिडकीशी आली,
नातवाच्या खांद्यावर हात, पदर कपाळापर्यंत.
मी ओळीच्या मधोमध होते, मान वर केली नाही.
ती थांबली. जाळीला नाक लावून
पेन्सिलीकडे पाहत राहिली.
"लिहून रायली का, बाई?"
हो, माय.
"मंग लिही, होऊ दे तुयं. मी हाओ इथंच."

ओळ पुरी केली.
फॉर्म पलटला, छापलेली बाजू वर.
सांगा आता, नाव.